वाढत्या वयात पेसमेकर: धावणे, बॅटरी आणि दहावीचे वर्ष

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): मी पंधरा वर्षांची असून नववीत शिकते. मी आईच्या पोटात असतानाच, सहाव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत, माझ्या हृदयाचे ठोके फार कमी पडत असल्याचे कळले होते. जन्मजात पूर्ण हार्ट ब्लॉक असे निदान झाले. चार वर्षांची असताना माझ्या पोटात पेसमेकर बसवला आणि पुढे एकदा तो बदलला. गेल्या वर्षभरात माझी उंची खूप वाढली आहे. चालताना किंवा जिना चढताना मला काहीही होत नाही, पण मैदानावर जोरात धावले की दुसऱ्या फेरीत एकाएकी पायांतले त्राणच जाते आणि थोडे थांबले की पुन्हा बरे वाटते. आईला सांगितले तर ती माझे धावणेच बंद करील, म्हणून मी सांगितलेले नाही. बॅटरी अजून दीड वर्ष पुरेल, म्हणजे ती नेमकी दहावीच्या परीक्षेच्या सुमारास संपणार. त्या वेळी पेसमेकर पोटातून छातीत हलवू, असे डॉक्टर म्हणाले आहेत. मला मैत्रिणींबरोबर ढोल पथकातही जायचे आहे. आजी म्हणते की आईने ग्रहण पाळले नाही म्हणून मला हे झाले, आणि मग आई दिवसभर बोलत नाही. मी नेमके काय करू?

उत्तर:

तुझ्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तू मध्येच, जाता जाता लिहिले आहेस, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते. धावताना दुसऱ्या फेरीत त्राण जाते, ही गोष्ट आजच आईला सांग आणि याच आठवड्यात तुझ्या हृदयरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात फोन करून पेसमेकर तपासणीची वेळ घे; ठरलेल्या पुढच्या तारखेची वाट पाहू नकोस. तपासणी होईपर्यंत शर्यतीचा सराव थांबव, मात्र चालणे, हलके खेळणे आणि शाळेत जाणे चालू ठेव. मधल्या काळात चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा शुद्ध हरपली, तर त्याच दिवशी रुग्णालयात जायचे आहे. आईला सांगितले की धावणे कायमचे बंद होईल, अशी भीती तुला वाटते. परंतु तू जे वर्णन केले आहेस त्याचे एक नेहमी आढळणारे कारण असे आहे की, ते सापडले तर बहुधा यंत्राची मांडणी बदलून तुझे धावणे सुधारता येते. आईला हे उत्तर वाचायला दे, म्हणजे तिच्याशी बोलणे तुला सोपे जाईल.

ते कारण समजून घेण्यासाठी तुझ्या हृदयात काय चालते ते आधी पाहू. हृदयाच्या वरच्या कप्प्यात ठोक्याचा संदेश निर्माण होतो आणि तो खाली उतरल्यावर खालचे कप्पे आकुंचन पावून रक्त शरीरभर ढकलतात. पूर्ण हार्ट ब्लॉकमध्ये संदेश निर्माण होतो, पण खाली पोहोचत नाही. तुझ्या हृदयाचा वरचा कप्पा बहुधा इतर कोणत्याही मुलीसारखाच काम करतो: तू धावू लागलीस की तो मिनिटाला 180 किंवा त्याहून अधिक वेळाही संदेश देऊ शकतो. दोन तारांचा पेसमेकर असेल, तर एक तार तो संदेश ऐकते आणि दुसरी तार तो खालच्या कप्प्याला पोहोचवते. परंतु यंत्राने किती वेगापर्यंत वरच्या कप्प्याच्या मागे जायचे, याची एक वरची मर्यादा डॉक्टरांनी ठरवून दिलेली असते. समजा, ती 150 आहे. तुझा वरचा कप्पा 160 पर्यंत गेला की यंत्र मधूनमधून एखादा ठोका सोडू लागते, आणि वेग आणखी वाढून एका टप्प्यापलीकडे गेला की ते प्रत्येक दुसरा ठोका सोडते. म्हणजे वरचा कप्पा 180 वर असताना खालचा कप्पा एका क्षणात 90 वर येतो. सर्वाधिक रक्त हवे असते त्याच घडीला पुरवठा निम्मा होतो आणि पाय थांबतात. थोडे थांबल्यावर वरचा कप्पा शांत होतो, यंत्र पुन्हा त्याच्या मागे जाऊ लागते आणि सगळे पूर्ववत होते. चालताना काही होत नाही आणि जोरात धावतानाच होते, या तुझ्या निरीक्षणाशी हे स्पष्टीकरण चांगले जुळते.

तुझ्या पेसमेकर कार्डावर किंवा शेवटच्या तपासणीच्या कागदावर तीन-चार अक्षरे लिहिलेली असतील, ती बघ. डीडीडी असे असेल, तर यंत्र दोन्ही कप्प्यांवर काम करते आणि मी वर सांगितलेली शक्यता लागू पडते. व्हीव्हीआय असे असेल, तर ते केवळ खालच्या कप्प्याला चालवते आणि वरच्या कप्प्याचे त्याला ऐकूच येत नाही. लहान मुलांमध्ये जागा कमी असल्याने अनेकदा एकाच तारेवर काम भागवलेले असते. शेवटी आर हे अक्षर असेल, तर शरीराच्या हालचालीवरून वेग वाढवणारा संवेदक चालू आहे. असा संवेदक बहुधा धडाच्या हलण्यावर चालतो, त्यामुळे धावताना तो वेग वाढवतो, पण व्यायामाच्या स्थिर सायकलवर कितीही जोर लावला तरी धड फारसे हलत नसल्याने तो पुरेसा जागा होत नाही. संवेदकाची तीव्रता आणि त्याचा कमाल वेग या दोन्ही गोष्टी बदलता येतात.

डॉक्टरांकडे गेल्यावर नेमके काय मागायचे, तेही सांगते. नेहमीच्या तपासणीत तू पलंगावर स्वस्थ पडलेली असतेस, पोटावर यंत्र वाचणारी चकती ठेवतात आणि पडद्यावर आकडे येतात. त्या अवस्थेत तुझा पेसमेकर अगदी उत्तम चाललेला दिसू शकतो. म्हणून ट्रेडमिल चाचणीची विनंती कर. छातीला ईसीजीच्या तारा लावून पट्ट्यावर तुला थकेपर्यंत चालवतात आणि धावायला लावतात, आणि जिथे त्राण जाते नेमक्या त्या क्षणी कागदावर काय उमटले ते डॉक्टरांना दिसते. वरची मर्यादाच आड येत असेल तर प्रोग्रॅमरवर, म्हणजे बाहेरून पेसमेकरची मांडणी बदलणाऱ्या यंत्रावर, ती बदलता येते. त्यासाठी टाका, भूल किंवा मुक्काम काहीही लागत नाही. तुझ्यासाठी ती किती असावी हे मात्र तुझ्या हृदयाची क्षमता पाहूनच ठरेल, कारण चार वर्षांच्या मुलीसाठी, पुढे सात-आठ वर्षांच्या मुलीसाठी आणि आता पंधरा वर्षांच्या धावणाऱ्या मुलीसाठी एकच मांडणी योग्य ठरेलच असे नाही.

तथापि, कारण दुसरेही असू शकते आणि म्हणूनच तपासणीशिवाय निष्कर्ष काढायचा नाही. तू एका वर्षात खूप उंच झालीस असे लिहिले आहेस. पेसमेकर वाढत नाही आणि त्याच्या ताराही वाढत नाहीत. मुलांना पेसमेकर बसवताना, वाढत्या मुलीच्या फ्रॉकला आत दुमड ठेवावी तसा तारेचा एक वेटोळा मुद्दाम शिल्लक ठेवतात आणि उंची वाढेल तसा तो उलगडत जातो. उंची झपाट्याने वाढली की तार ताणली जाऊ शकते, तिच्यात बारीक भेग पडू शकते किंवा हृदयाशी असलेली तिची पकड सैल होऊ शकते. छातीचा आणि पोटाचा एक साधा एक्स-रे आणि तारेतल्या विद्युतरोधाचे मोजमाप, यांवरून याचा चांगला अंदाज येतो. गेल्या एक-दोन वर्षांत तुझा एक्स-रे काढलेला नसेल, तर तो काढायचा का, हे विचार. त्याचबरोबर हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे एको, दरवर्षी होते आहे ना, हेही पाहा. वर्षानुवर्षे खालच्या कप्प्याला यंत्राकडूनच ठोका मिळत राहिला, तर काही जणांमध्ये हृदयाच्या डाव्या कप्प्याची ताकद हळूहळू कमी होऊ शकते. ते वेळेवर दिसले तर तारेची जागा बदलून किंवा दुसरी तार जोडून सुधारणा करता येते.

आता पेसमेकर पोटातून छातीत हलवण्याविषयी. लहान मुलांच्या शिरा बारीक असतात, म्हणून त्यांच्या तारा हृदयाला बाहेरून जोडून यंत्र पोटाच्या स्नायूंजवळ ठेवण्याची पद्धत आहे. तुझ्या वयात शिरा पुरेशा रुंद झालेल्या असतात, त्यामुळे तारा शिरेतून हृदयात नेऊन यंत्र गळ्याच्या हाडाखाली ठेवता येते. हा निर्णय घेण्याआधी आईवडिलांसह तू स्वतः डॉक्टरांसमोर बसावेस असे मला वाटते, कारण त्यातल्या काही गोष्टींवर तुझे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. यंत्र डाव्या बाजूला ठेवायचे की उजव्या, हे तू कोणत्या हाताने लिहितेस आणि खेळतेस यावरही ठरते. सडपातळ मुलींमध्ये यंत्राचा उंचवटा त्वचेखाली स्पष्ट दिसतो आणि दप्तराचा किंवा अंतर्वस्त्राचा पट्टा त्यावर घासतो; स्नायूखाली जागा करून किंवा छेद थोडा बाजूला घेऊन हा त्रास पुष्कळ कमी करता येतो, पण ते शस्त्रक्रियेच्या आधी बोलावे लागते. व्रण कुठे येईल, असे विचारण्यात लाजण्यासारखे काहीही नाही. ते शरीर तुझे आहे आणि तो व्रण तुलाच वागवायचा आहे. जुन्या तारा काढणार की आतच ठेवणार, हेही विचारून घे, कारण आत राहिलेल्या जुन्या तारांमुळे पुढे कधी एमआरआय करण्याची वेळ आली तर अडचण येऊ शकते आणि ही माहिती तुझ्या कागदांत नोंदलेली असली पाहिजे.

बॅटरी आणि दहावी यांची सांगड घालता येते. दीड वर्ष हा अंदाज असतो. यंत्राला किती काम पडते त्यावर तो पुढेमागे होतो, आणि तुझी वरची मर्यादा वाढवली तर त्याचाही थोडा परिणाम होईल. बॅटरी एकाएकी बंद पडत नाही. बदलण्याची वेळ आली की यंत्र तशी खूण नोंदवते आणि त्यानंतरही साधारण तीन महिने चालेल एवढी शक्ती तिच्यात राखलेली असते. काही यंत्रे मात्र त्या टप्प्यावर शक्ती वाचवण्यासाठी साध्या पद्धतीवर येतात आणि मग माणसाला थकल्यासारखे वाटू लागते, जे परीक्षेच्या काळात तुला नको आहे. माझे मत असे आहे की, पेसमेकरची जागा बदलायची हे नक्की असेल तर नववीनंतरच्या मे महिन्याच्या सुटीत शस्त्रक्रिया करता येईल का, हे डॉक्टरांना आताच विचारावे. बॅटरीचे काही महिने वाया जातील, पण शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते सहा आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नसतो आणि जड उचलायचे नसते. तो काळ सुटीतच संपेल आणि दहावीचे वर्ष मोकळे मिळेल. डॉक्टरांना थांबणे योग्य वाटले, तर शेवटच्या वर्षात दर तीन महिन्यांनी तपासणी करून घ्यावी आणि खूण दिसल्यावर परीक्षेसाठी तारीख पुढे ढकलू नये. खर्चाची चिंता असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाकडे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची आणि अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी वडिलांना आतापासूनच करायला सांग, कारण कागदपत्रांना वेळ लागतो.

शस्त्रक्रियेनंतर जखमेवर लाली, सूज, ऊब किंवा पू दिसला किंवा ताप आला, तर घरगुती लेप न लावता थेट शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांकडेच जावे. आणि त्वचेखालचे यंत्र बोटांनी हलवून पाहण्याची सवय लावून घेऊ नकोस. यंत्र आत फिरत राहिले तर तारा पिळल्या जाऊन जागेवरून निघू शकतात.

रोजच्या गोष्टींत तुला वाटते तेवढी बंधने नाहीत. मिक्सर, मायक्रोवेव्ह, टीव्ही, संगणक, वायफाय यांची भीती बाळगू नकोस. मोबाइल वापर, पण तो पेसमेकरपासून 15 सेंटीमीटर दूर ठेव. तुझे यंत्र पोटात असल्याने इतरांना दिला जाणारा छातीच्या खिशाचा सल्ला तुला सध्या लागू नाही. तू अंथरुणावर उताणी पडून पोटावर मोबाइल ठेवून काही पाहतेस का, तो कमरेच्या खिशात ठेवतेस का आणि तुझ्या पर्सचे चुंबकी बटण पोटाशी येते का, हे पाहा. काही मोबाइल, त्यांची कव्हरे, चार्जर आणि इअरबड्सच्या डब्या यांत चुंबक असतात आणि चुंबक फार जवळ आला की पेसमेकर तेवढ्यापुरता ठरावीक वेगाने चालू लागतो. चुंबक दूर केला की तो पूर्ववत होतो, पण मुद्दाम करून पाहू नये. इंडक्शन शेगडीपासून यंत्र 60 सेंटीमीटर दूर असावे. ओट्याशी उभे राहिल्यावर पोटच शेगडीच्या सर्वांत जवळ येते, म्हणून सध्या तू गॅसवरच स्वयंपाक शीक. मेट्रो स्थानकातल्या किंवा विमानतळावरच्या तपासणी चौकटीतून नेहमीच्या चालीने पुढे जा, तिथे रेंगाळू नकोस, आणि हातात धरून तपासायचे शोधयंत्र पोटावर धरून ठेवू नका असे तिथल्या कर्मचाऱ्यांना कार्ड दाखवून सांग. पुढे नीटसारख्या परीक्षा दिल्यास तिथेही अशी तपासणी असते, तेव्हा डॉक्टरांचे पत्र जवळ ठेव आणि केंद्रावर थोडी लवकर पोहोच.

ढोलाबद्दल मात्र माझे उत्तर सध्या नाही असे आहे. ढोल कमरेला बांधतात, त्याचे वजन आणि प्रत्येक ठोक्याचा धक्का तुझ्या यंत्राच्या जागेवरच येईल. झांज वाजवायला हरकत नाही, आणि मिरवणुकीत मोठ्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीला खेटून उभी राहू नकोस, कारण त्यांत मोठे चुंबक असतात. यंत्र छातीत गेल्यावर आणि जखम पूर्ण भरल्यावर ढोलाचा प्रश्न डॉक्टरांना पुन्हा विचार. धावणे, पोहणे, सायकल, बॅडमिंटन हे खेळ तपासणीनंतर बहुधा मोकळे राहतील. कबड्डीसारख्या धडक बसणाऱ्या खेळांचा निर्णय एका प्रश्नावर ठरतो: यंत्र काही क्षण थांबले तर तुझे स्वतःचे हृदय किती वेगाने चालते? तू यंत्रावर पूर्ण अवलंबून असशील, तर असे खेळ टाळावेत. हे डॉक्टरांनी मोजलेले असते, म्हणून त्यांच्याकडून आकडाच मागून घे.

आजीच्या बोलण्याविषयी मला स्पष्ट लिहायचे आहे आणि हा परिच्छेद आईने वाचावा अशी माझी इच्छा आहे. रचना चांगली असलेल्या हृदयात, गर्भातच पूर्ण हार्ट ब्लॉक आढळतो तेव्हा बहुतेक वेळा त्याचे कारण आईच्या रक्तातली काही प्रतिद्रव्ये (अँटिबॉडीज) हे असते. ती वारेतून बाळापर्यंत पोहोचतात आणि साधारणपणे गर्भारपणाच्या 18 ते 24 आठवड्यांच्या काळात हृदयातली संदेश वाहणारी वाट निकामी करतात. अनेक आयांना स्वतःला तेव्हा कसलाही त्रास नसतो आणि आपल्या रक्तात असे काही आहे याची त्यांना कल्पनाही नसते. ग्रहणात भाजी चिरली किंवा चिरली नाही, झोपली किंवा उठली, याचा त्याच्याशी काडीमात्र संबंध नाही. पंधरा वर्षे एका आईने हा दोष स्वतःवर घेत गप्प बसावे, याचे मला फार वाईट वाटते. आईची रक्ततपासणी पूर्वी झाली नसेल तर ती एकदा करून घ्यावी, कारण ही प्रतिद्रव्ये असलेल्या काही स्त्रियांना पुढे डोळे व तोंड कोरडे पडणे, सांधे दुखणे असे त्रास होऊ शकतात आणि त्यांवर उपचार आहेत. ती प्रतिद्रव्ये तुझ्या शरीरात आता उरलेली नाहीत, जन्मानंतर काही महिन्यांतच ती निघून जातात. पेसमेकर असलेल्या स्त्रिया डॉक्टरांच्या देखरेखीखाली मुलांना जन्म देतात, हेही आजीला सांग. तिच्या बोलण्यामागे तुझ्या लग्नाची काळजी असण्याची शक्यता आहे. माणसाच्या शरीरात संपूर्ण पेसमेकर पहिल्यांदा बसवला गेला तो 1958 मध्ये स्वीडनमध्ये, अर्ने लार्सन यांना. ते पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले, पुढे त्यांना वीसहून अधिक यंत्रे बदलावी लागली, आणि 2001 मध्ये ते वारले तेव्हा त्यांचे वय 86 वर्षांचे होते. तुझ्या हातात त्यांच्यापेक्षा कितीतरी चांगले यंत्र आहे.

शाळेत सगळ्यांना सांगण्याची गरज नाही. दोन विश्वासू मैत्रिणी, वर्गशिक्षिका आणि खेळाचे शिक्षक यांना मात्र माहीत असावे. तू पडलीस तर आडवे झोपवायचे, 108 वर फोन करायचा, आणि श्वास चालू नसेल तर पेसमेकर असला तरी छाती दाबण्यास कचरायचे नाही, एवढे त्यांना सांगून ठेव. खेळाच्या शिक्षकांसाठी डॉक्टरांकडून काय चालेल आणि काय नाही असे पत्र लिहून घे, म्हणजे ते भीतीपोटी तुला सरसकट बाजूला बसवणार नाहीत.

शेवटची विनंती तुझ्या फाइलविषयी आहे. आजवर ती आईने सांभाळली; या वेळी दवाखान्यात ती तू हातात घेऊन जा. कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेव. वहीत हे प्रश्न लिहून ने: यंत्राचा प्रकार कोणता, वरची मर्यादा किती, यंत्राविना माझा वेग किती, तारा कशा आहेत, बॅटरी किती उरली, शेवटचा एको कसा होता. आणि डॉक्टरांना सांग की, तपासणीतली पाच मिनिटे मला तुमच्याशी एकटीने बोलायचे आहे. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर तू मोठ्यांच्या विभागात जाशील, तिथे तुझ्या वतीने बोलायला आई शेजारी असेलच असे नाही. ट्रेडमिल चाचणीत काय निघाले ते मला अवश्य कळव.